काळ्या आकाशाची बंदिश

एकाच निगेटिव्हपासून बनवलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहू. न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ नावाचं लहानसं खेडं. पुढं खुरटी झुडपं, मग मातीची घरं, एक चर्च आणि त्याच्या दफनभूमीत उजळून निघालेले पांढरे क्रूस. मागं बर्फाच्या डोंगरांची रांग, तिच्यावर ढगांचा लांबच लांब पट्टा, आणि त्याही वर पूर्ण भरत आलेला चंद्र. यातला पहिला फोटो १९४०च्या दशकात छापलेला आहे. त्यातलं आकाश करडं आहे, चंद्राच्या वर विरळ ढगांचे ओरखडे दिसतात. दिवेलागणीच्या जरा आधीची वेळ असावी असं वाटतं. दुसरा फोटो १९७०च्या दशकातला. त्यात आकाश गर्द काळं झालंय, ओरखडे त्या काळोखात बुडून गेलेत आणि क्रूस असे चमकतायत की जणू चंद्राचाच उजेड त्यांच्यावर पडलाय. निगेटिव्ह तीच, छापणारा माणूसही तोच. मध्ये तीस वर्षं गेली.

हा माणूस म्हणजे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे डोंगर, दऱ्या, नद्या आणि ढग यांचे कृष्णधवल फोटो म्हटलं की त्याचं नाव येतंच. तो मूळचा पियानोवादक होता, आणि निगेटिव्ह ही संगीतकाराच्या स्वरलिपीसारखी असते, फोटोची प्रत म्हणजे तिचं वादन, असं तो सांगायचा. उपमा त्याच्या जगातली आहे आणि चांगली आहे. पण त्याचं काम बघताना मला आपल्याकडची बंदिश जास्त जवळची वाटते. पाश्चात्त्य संगीतात लिहिलेला स्वर वाजवणाऱ्याला सहसा बदलता येत नाही. बंदिशीचं तसं नसतं. दोन ओळींचा ऐवज गुरूकडून मिळतो आणि गाणारा आयुष्यभर तो उलगडत राहतो. तिशीत गायलेला यमन आणि सत्तरीत गायलेला यमन यांत बंदिश बदललेली नसते, तरी गाणं वेगळंच झालेलं असतं. हर्नांडेझच्या चंद्राचं नेमकं हेच झालं.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. तो चार वर्षांचा असताना १९०६चा प्रचंड भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून तो सुखरूप वाचला, पण नंतरच्या एका हादऱ्यानं बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते जन्मभर वाकडंच राहिलं. पुढच्याच वर्षी आलेल्या मंदीत घराण्याचा लाकडाचा धंदा बसत गेला. शाळेत या चळवळ्या मुलाचं काही जमेना. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला सुरुवात केली. १९१५ साली गावात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी त्याला वर्षभराचा पास काढून दिला आणि सांगितलं, रोज तिथं जा, हीच तुझी शाळा. हाताशी पैसा कमी असताना, शाळेनं नाकारलेल्या मुलावर असा विश्वास टाकणाऱ्या या बापाबद्दल मला फार आदर वाटतो. याच सुमारास पोरगं आपलं आपण पियानो वाजवायला शिकलं, आणि मग शिस्तीच्या शिक्षकांकडं त्याची तालीम सुरू झाली. एकेका स्वराचा दाब, त्याचा टिकाव, त्याचं विरणं यावर तासन्‌तास मेहनत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरची ही मेहनत पुढं काळ्या-पांढऱ्या छटांच्या कामाला आली.

१९१६ मध्ये तो आईवडिलांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीच्या खोऱ्यात गेला. तिथं त्याला कोडॅकचा ब्राउनी हा साधा पेटीसारखा कॅमेरा मिळाला. त्यानंतर मरेपर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही की तो योसेमिटीला गेला नाही. १९१९ मध्ये तो सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेचा सभासद झाला आणि पुढचे काही उन्हाळे त्यानं खोऱ्यातल्या क्लबच्या वास्तूची देखभाल केली. तिथंच हॅरी बेस्ट या चित्रकाराचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओत पियानो होता. सराव चुकू नये म्हणून अ‍ॅन्सेल तिथं जाऊ लागला. तिथं बेस्टची मुलगी व्हर्जिनिया भेटली. १९२८ साली त्याच स्टुडिओत दोघांचं लग्न झालं.

पण त्याच्या आधीचं वर्ष महत्त्वाचं. १० एप्रिल १९२७. व्हर्जिनिया आणि तीन मित्र बरोबर घेऊन अ‍ॅन्सेल योसेमिटीतल्या हाफ डोम या कातळाच्या कड्यासमोरच्या, पुढं आलेल्या एका खडकाकडं निघाला. पाठीवर सुमारे १८ किलोंचं ओझं: साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या काचेच्या प्लेटा घेणारा कॅमेरा, लेन्स, फिल्टर, लाकडी ट्रायपॉड आणि बारा प्लेटा. खाली बर्फ साचलेलं. वाटेत काही प्लेटा वापरल्या गेल्या, काही वाया गेल्या, आणि ‘डायव्हिंग बोर्ड’ नावाच्या त्या खडकावर पोचेपर्यंत शिल्लक उरल्या फक्त दोन. समोर हाफ डोमची उभी कातळभिंत सावलीत होती. दुपारी ऊन सरकत तिच्या अंगावर आलं तेव्हा त्यानं पहिली प्लेट घेतली, लेन्सवर पिवळा फिल्टर लावून. तेव्हाची रुळलेली पद्धत तीच होती. निळं आकाश फिल्मवर फिकुटलेलं येतं, पिवळी काच ते थोडं सावळं करते.

प्लेट झाकल्यावर त्याला चुटपुट लागली. हा फोटो बरोबर येईल, पण समोरचा कडा बघून छातीत जी धडकी भरली ती यात नसेल. त्याला डोळ्यांपुढं तयार फोटो दिसला, आकाश जवळजवळ काळं, आणि त्यातून उठलेला तो प्रचंड दगड. मग त्यानं गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच निळा प्रकाश अडवते. ढग नसलेल्या उंचावरच्या आकाशातून येतो तो बहुतेक निळाच, म्हणून प्लेटवर आकाशाचा ठसा फारसा उमटत नाही आणि छापताना तिथं काळोख येतो. कड्याच्या सावल्यांनाही आकाशाचाच निळसर उजेड मिळत असतो, म्हणून त्याही गडद होतात. उरतं ते उन्हात तापलेलं कातळ आणि बर्फ. काच दाट असल्यानं प्रकाश फार कमी आत येतो, त्यामुळं शटर पाच सेकंद उघडं ठेवावं लागलं. ही शेवटची प्लेट म्हणजेच ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’.

पुढं आयुष्यभर अ‍ॅन्सेल याला ‘व्हिज्युअलायझेशन’ म्हणत राहिला: शटर दाबण्याआधीच पुरा झालेला फोटो मनात पाहणं. इतर कुणी हा शब्द वापरला असता तर ती मोघम कलावंती भाषा वाटली असती. इथं त्यामागं काचेचा रंग, प्लेटचा गुण आणि सेकंदांचा हिशेब होता.

तरीही पोटापाण्यासाठी पियानो की कॅमेरा, हे ठरत नव्हतं. १९३० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या टाओसला त्याची गाठ पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरशी पडली. स्ट्रँडजवळ दाखवायला छापील प्रती नव्हत्या, म्हणून त्यानं आपल्या निगेटिव्हच उजेडासमोर धरून बघायला दिल्या. अ‍ॅन्सेलनं त्या पाहिल्या आणि त्याचा निर्णय झाला. घरी आई आणि मेरीमावशी हवालदिल झाल्या. पियानोसारखी गोष्ट सोडून हा यंत्राच्या नादी लागला, असं त्यांना वाटलं. मला मात्र यातली एक गोष्ट मोलाची वाटते. संगीत शिकलेल्या माणसाला कायमचं फोटोग्राफीकडं ओढलं ते सजलेल्या भिंतीवरच्या फोटोंनी नाही, तर उलट्या छटांच्या नुसत्या निगेटिव्हांनी. त्याला त्यांत न छापलेले फोटो वाचता येत होते.

त्या काळी फोटोला कला ठरवायचं तर तो चित्रासारखा दिसला पाहिजे, असा समज होता. धूसर लेन्स, खरखरीत कागद, ब्रशचे फटकारे. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक वगैरेंबरोबर अ‍ॅन्सेलनं याविरुद्ध गट काढला आणि त्याला नाव दिलं ‘एफ/६४’. लेन्सचं छिद्र इतकं बारीक केलं की पायाजवळच्या गोट्यापासून क्षितिजावरच्या शिखरापर्यंत सगळं रेखीव येतं. नावातच जाहीरनामा होता. गट फार दिवस टिकला नाही, पण काम झालं.

आता त्या पद्धतीकडं येऊ, जिच्यामुळं जगभरचे फोटोग्राफर त्याला गुरू मानतात. लाइट मीटर हे प्रामाणिक पण भोळं यंत्र आहे. त्याला बर्फ दाखवा की कोळसा, समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असंच ते धरून चालतं. त्याचं मुकाट ऐकलं तर बर्फही करडा येतो आणि कोळसाही करडा. लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना, १९४०च्या सुमारास, अ‍ॅन्सेल आणि फ्रेड आर्चर यांनी यावर ‘झोन सिस्टिम’ बसवली. ठार काळ्यापासून शुभ्र कागदापर्यंतच्या छटांचे शून्य ते दहा असे अकरा झोन. प्रत्येक पुढच्या झोनला आधीच्यापेक्षा दुप्पट प्रकाश. पाचवा झोन म्हणजे मीटरचा तो मधला करडा. फोटोग्राफरनं करायचं एवढंच की दृश्यातली एक जागा निवडायची आणि ती कुठल्या झोनवर बसवायची ते आपण ठरवायचं. एक स्वर पक्का केला की बाकीचे त्याच्या हिशेबानं आपापल्या जागी बसतात. षड्‌ज कुठं धरायचा हे ठरलं की सप्तक ठरतं, तसंच.

याचा दुसरा भाग डेव्हलपिंगचा. सावल्यांत किती तपशील येणार ते एक्स्पोजरनं ठरतं; उजळ जागा किती उजळणार ते बऱ्याच अंशी फिल्म डेव्हलपरमध्ये किती वेळ राहते यावर. म्हणून करपून जाईल असं भगभगीत दृश्य असेल तर डेव्हलपिंग कमी करायचं, मरगळलेल्या ढगाळ दिवशी वाढवायचं. अ‍ॅन्सेल मोठ्या सुट्या फिल्मा वापरायचा, त्यामुळं प्रत्येक फिल्मला तिच्या प्रकृतीप्रमाणं औषध देता येई. छत्तीस फोटोंच्या रोलवर काम करणाऱ्याला ही सोय नसते. त्याच्या छत्तिसांना एकच काढा.

हे सगळं ज्ञान पणाला लागलं ते १ नोव्हेंबर १९४१च्या संध्याकाळी. राष्ट्रीय उद्यानांचे मोठे भिंतीएवढे फोटो करण्याचं काम अमेरिकेच्या गृहखात्यानं त्याला त्याच वर्षी दिलं होतं. बरोबर मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवस फुकट गेला होता, मनासारखा एक फोटो मिळाला नव्हता. मोटारीनं सांता फेकडं परतताना डावीकडं त्याला ते दिसलं: ढगांवर चढलेला चंद्र आणि खाली मावळतीच्या उन्हात पेटलेले क्रूस. गाडी रस्त्याकडेला घुसवून त्यानं हाकाटी केली, हे आण, ते काढ. आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढला, चित्र जुळलं, आणि लाइट मीटर काही केल्या सापडेना. पश्चिमेला सूर्य ढगाच्या कडेशी टेकला होता.

त्याला आठवलं, चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते. चंद्र सातव्या झोनवर बसवला, म्हणजे शुभ्र पण डाग दिसतील असा, तर पाचव्या झोनवर त्याचा चौथा हिस्सा येतो, साधारण ६०. फिल्मची गती ६४, तिचं वर्गमूळ ८; छिद्राचा आकडा तेवढा ठेवला की पाचव्या झोनची दीप्ती हाच शटरच्या अपूर्णांकाचा छेद. म्हणजे एफ/८ला सेकंदाचा साठावा भाग. लेन्सवरच्या फिल्टरसाठी तिप्पट वेळ, सेकंदाचा विसावा भाग. दूरजवळचं सगळं रेखीव हवं म्हणून छिद्र एफ/३२पर्यंत बारीक केलं, तर तोच वेळ जवळजवळ एक सेकंद होतो. हा हिशेब मनातल्या मनात, सूर्य बुडत असताना. एक सेकंद शटर उघडलं. खात्रीसाठी दुसरी फिल्म घ्यायला होल्डर उलटा करतो तोच क्रूसांवरचं ऊन गेलं.

एकच निगेटिव्ह, आणि तीही अवघड. पुढची झुडपं अंधुक, चंद्र आणि ढग तेजस्वी. त्यानं ती पातळ डेव्हलपर आणि नुसतं पाणी यांत आळीपाळीनं दहा वेळा बुडवत सावकाश डेव्हलप केली, म्हणजे ढग जळू नयेत आणि झुडपांना वेळ मिळावा. तरी छापणं जिकिरीचंच. १९४८ मध्ये धीर करून त्यानं निगेटिव्हचा खालचा भाग रसायनात बुडवून पुढची जमीन निगेटिव्हवर दाट करून घेतली, म्हणजे छापताना ती उजळेल. एकुलती एक निगेटिव्ह रसायनात परत घालायची, हे वाचतानासुद्धा हात थरथरतात.

छपाईची खोली कशी असते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. एन्लार्जरमधून निगेटिव्हची सावली कागदावर पडते. जिथं जास्त प्रकाश पडेल तिथं कागद काळा होतो. हाताची ओंजळ किंवा पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून हलवत राहिलं की तो भाग उजळ राहतो, याला डॉजिंग म्हणतात; बाकीचं झाकून एकाच जागी जादा प्रकाश दिला की तो भाग गडदतो, हे बर्निंग. हात थांबला की कागदावर त्याची कड उमटते, म्हणून तो सतत हलता ठेवायचा. अ‍ॅन्सेल हे सेकंद मोजण्यासाठी मेट्रोनोम वापरायचा, पियानोच्या तालमीत टकटक करतो तोच. काळोखात ठेका चालू आणि हात विलंबित लयीत फिरतोय. हर्नांडेझच्या निगेटिव्हपासून त्यानं अशा तऱ्हेनं आयुष्यात तेराशेच्या आसपास प्रती काढल्या, आणि वय वाढेल तसं त्या आकाशाला जास्त जास्त प्रकाश देत ते काळं करत गेला. फोटो काढल्याची तारीख मात्र तो नीट सांगू शकला नाही. वेगवेगळ्या प्रतींवर त्यानं वेगवेगळी सालं घातली. शेवटी चंद्राच्या जागेवरून खगोल अभ्यासकांनी हिशेब केला. आधी ३१ ऑक्टोबर ही तारीख निघाली, पुढं ती सुधारून १ नोव्हेंबर, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं अशी ठरली.

फोटो ‘घडवायचा’ तर कुठवर, हा प्रश्न इथं येतोच. १९४४च्या ‘विंटर सनराइज’मध्ये बर्फाळ सिएरा पर्वत, मध्ये टेकड्यांची काळी रांग आणि पुढच्या कुरणात उन्हाच्या पट्ट्यात एक घोडा आहे. त्या टेकडीवर लोन पाइन गावच्या शाळकरी मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाची दोन आद्याक्षरं काढली होती. अ‍ॅन्सेलनं ती फोटोतून पुसून टाकली. पुष्कळांनी त्याबद्दल दोष दिला. मला ती अक्षरं गेल्याचं दुःख नाही. मला टोचतं ते वेगळं. त्याच दऱ्याखोऱ्यात, लोन पाइनपासून थोड्याच मैलांवर, मॅन्झनार होतं.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरादारांतून उठवून छावण्यांत कोंडलं. त्यांतली बहुसंख्य जन्मानं अमेरिकी नागरिक होती. मॅन्झनारमध्ये दहा हजारांहून जास्त. १९४३ मध्ये अ‍ॅन्सेल तिथं कामाला गेला. पहाऱ्याचे मनोरे, तारांचं कुंपण आणि बंदूकधारी यांचे फोटो काढायला बंदी होती. त्यानं माणसांचे चेहरे काढले, जवळून, स्वच्छ उजेडात: शेतकरी, परिचारिका, शाळकरी मुली, वर्तमानपत्र काढणारे तरुण. १९४४ मध्ये ‘बॉर्न फ्री अँड इक्वल’ हे पुस्तक निघालं, युद्ध चालू असताना. डोरोथिया लँग या फोटोग्राफर मैत्रिणीला ते फार मवाळ वाटलं. तिचं म्हणणं खोटं नाही. या फोटोंतली माणसं हसतात आणि तुरुंग चौकटीबाहेर राहतो. पण ज्यांना शत्रू म्हणून कोंडलं त्यांचे चेहरे कड्याइतक्याच आदरानं काढणं, तेही त्या दिवसांत, याला छाती लागते. १९६५ मध्ये त्यानं हे सगळे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले, सर्वांना वापरता यावेत म्हणून.

डोंगरांसाठी मात्र तो उघड भांडला. किंग्ज कॅन्यनचं खोरं वाचवण्यासाठी १९३६ मध्ये सिएरा क्लबनं त्याला फोटोंची चळत देऊन वॉशिंग्टनला पाठवलं. १९३८ मध्ये जॉन म्यूर पायवाटेवरचं त्याचं पुस्तक आलं. त्याची प्रत गृहमंत्री हॅरोल्ड इक्स यांच्यामार्फत अध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेली. १९४० साली किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. याच धामधुमीत, १९३७च्या जुलैत, योसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागली आणि सुमारे पाच हजार निगेटिव्ह गेल्या. ‘मोनोलिथ’ची प्लेट वाचली.

पैसा उशिरा आला. १९७५ संपताना त्यानं प्रतींच्या नव्या ऑर्डरी घेणं बंद केलं आणि आधीच्या पुऱ्या करण्यात पुढची काही वर्षं अंधारात उभा राहिला. १९८१ मध्ये हर्नांडेझच्या चंद्राची एक प्रत ७१,५०० डॉलरला विकली गेली, तोवर कुठल्याच फोटोला इतका भाव आला नव्हता. २२ एप्रिल १९८४ला तो गेला. त्याच वर्षी सिएरातला रानाचा एक मोठा टापू त्याच्या नावानं राखीव झाला.

त्याआधी, १९७७ मध्ये, ‘नासा’नं व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, कधी कुणाला सापडलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तिच्यात अ‍ॅन्सेलनं १९४२ मध्ये काढलेला टेटन पर्वताचा आणि वळसे घेत जाणाऱ्या स्नेक नदीचा फोटो आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर भैरवी गातायत. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तबकडीवर चित्रं छापता येत नव्हती, म्हणून प्रत्येक चित्राचं ध्वनीत रूपांतर करून ते खाचांत कोरलं गेलं. पियानो सोडून आलेल्या माणसाची ती नदी केसरबाईंच्या भैरवीजवळ आवाज होऊन बसली आहे, छापली जायची वाट बघत.